इचलकरंजीतलं एक ८० हजाराचं कर्ज, पहिल्या दिवसापासून आत्तापर्यंत

माझा आतेभाऊ, आम्ही सगळे त्याला आण्णाच म्हणतो, यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करून चालू ठेवणारा, आहे. मी सुताच्या एका पेढीवर दिवाणजी, म्हणजे दिवसभर आकडेच बघायचं काम. गेल्या वर्षी त्याच्या पोरीला नर्सिंगला, जीएनएमला, ॲडमिशन मिळालं आणि पहिल्या वर्षाची फी, होस्टेल, मेसचं डिपॉझिट असं मिळून ८० हजार भरायचे होते, मुदत बारा दिवस. ते कर्ज कुठून कसं उभं केलं, कुठं फसता फसता राहिलो, ते सगळं जसं झालं तसं लिहितो, कारण हाच प्रसंग आमच्या गल्लीत दर दुसऱ्या घरात येतो आणि प्रत्येकजण घाईत तीच चूक करतो.

आधी घरची परिस्थिती. आण्णाचा पगार आठवड्याला, रोख, साधारण ४२०० रुपये. वैनी गारमेंटमध्ये शिलाईला जाते, महिन्याला ७ हजाराच्या आसपास. म्हणजे घरात २५ हजार येतात पण पगाराची स्लिप नावाचा कागद दोघांकडंही नाही. गाडीचा २१०० चा हप्ता चालू, अजून चार महिने. सोनं होतं ते सासऱ्यांच्या आजारपणात गेलं, नाहीतर मी पहिल्यांदा सोनेतारणच बघ म्हणलो असतो, त्याच्याएवढं स्वस्त आणि पटकन होणारं काही नाही. बँकेत शैक्षणिक कर्जाचं विचारलं तर कॉलेजचे कागद, वडिलांच्या उत्पन्नाचे कागद आणि महिना-दीड महिना. पर्सनल लोनला स्लिप आणि आयटी रिटर्न. तो विषय तिथंच संपला.

आण्णा माझ्याकडं आला तो तिसऱ्या दिवशी आणि येतानाच अर्धं ठरवून आला होता. त्याच्या कारखान्याच्या जवळच एकजण पैसे लावतो, शेकडा पाचनं. "आज सांगितलं तर उद्या ८० हजार हातात देतो म्हणालाय, कागद न् फिगद काय नाही, फक्त एक कोरा चेक आणि कोऱ्या स्टॅम्पपेपरवर सही." मी विचारलं व्याज किती होतंय माहितीय का, तर म्हणाला पाच टक्के, बँकेपेक्षा कमीच की. बघा, हे ४४ वर्षांचा, पंधरा माग सांभाळणारा, डोक्यानं हुशार माणूस बोलतोय. पाच टक्के महिन्याचे आहेत आणि बँकेचे वर्षाचे असतात हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

मी बिलबुकाच्या पाठीमागं लिहून दाखवलं. ८० हजाराला महिन्याला ४ हजार नुसतं व्याज. दोन वर्षं ते न चुकता भरलंस तर ९६ हजार जातात, आणि चोविसाव्या महिन्याच्या शेवटी देणं किती राहतं, तर ८० हजार. जसंच्या तसं. तो कागद त्यानं दोन्ही हातात धरला आणि बराच वेळ बोललाच नाही.

इथं कायदा काय म्हणतो ते सांगतो, कारण लोकांना वाटतं सावकारी म्हणजे सगळीच बेकायदा किंवा सगळीच चालते. महाराष्ट्रात २०१४ चा सावकारी नियमन कायदा आहे, १९४६ चा जुना मुंबई सावकार कायदा जाऊन तो आला. परवाना घेऊन सावकारी करता येते, पण शेतकरी नसलेल्या माणसाला विनातारण कर्जावर वर्षाला जास्तीत जास्त १८ टक्के आणि तारण असेल तर १५ टक्के, शेतकऱ्याला त्याहून कमी, १२ आणि ९. व्याजावर व्याज लावता येत नाही, आणि एकूण व्याज मुद्दलापेक्षा जास्त घेता येत नाही, आपल्याकडं जुन्या काळापासून दामदुप्पट म्हणतात तोच नियम. पावती द्यावी लागते, हिशोब द्यावा लागतो. परवाना नसताना धंदा केला तर पाच वर्षांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड. तक्रार तालुक्याच्या सहाय्यक निबंधकांकडं, ज्याला सगळे एआर ऑफिस म्हणतात तिथं, नाहीतर पोलिसात. शेकडा पाच म्हणजे वर्षाला ६० टक्के, हे कुठल्याच परवान्यात बसत नाही.

आणि व्याजापेक्षा मला कोऱ्या कागदाची भीती जास्त वाटली. १८७५ साली पुणे जिल्ह्यात सुप्याला शेतकरी उठले तेव्हा त्यांनी सावकारांच्या वह्या आणि रोखे शोधून शोधून जाळले. राग होता तो कागदावर होता, कारण त्यावर काय लिहिलंय हे सही करणाऱ्याला कधी कळलंच नव्हतं. दीडशे वर्षं झाली आणि आपण अजून कोऱ्या स्टॅम्पवर सही करतोय, हे मला खरंच सहन होत नाही. आण्णाला मी एवढंच म्हणलं, तुला पैसे कुठूनबी आणूया पण कोऱ्या कागदावर सही करायची नाही, आत्त्याची शपथ.

मधल्या काळात वैनीच्या शेजारणीनं डेली कलेक्शनवाल्याचं सुचवलं. दहा हजाराला नऊ हजार हातात देतात, मग रोज १०० रुपये, १०० दिवस. ऐकायला हजार रुपयेच जास्त वाटतात. पण पैसे रोज परत जात असतात, म्हणजे पन्नासाव्या दिवशी तुमच्याकडं त्यांचे अर्धे पैसेच उरलेले असतात आणि व्याज मात्र पूर्ण रकमेचं दिलेलं असतं. नीट हिशोब घातला तर तो दर वर्षाला ७५ टक्क्यांच्या वर जातो. भाजीवाल्याला चार दिवसाच्या मालासाठी कधीतरी परवडत असेल, फीसाठी नाही. मोबाईलवरच्या लोन ॲपचं पोरीनं विचारलं होतं, त्याला मी सरळ नको म्हणलं, ते ॲप आधी फोनमधले नंबर बघायची परवानगी मागत होतं आणि पैसे नेमकं कुठली कंपनी देणार हे त्यात कुठंच लिहिलेलं नव्हतं.

मग राहिल्या पतसंस्था. आमच्या भागात पतसंस्थांना तोटा नाही, आणि लोकांचं पतसंस्थांबद्दलचं मत एकतर फार चांगलं असतं नाहीतर फार वाईट, कारण बुडालेल्या ठेवी पण लोकांनी बघितल्यात. माझं म्हणणं असं की छोट्या माणसासाठी चांगली चाललेली पतसंस्था हीच खरी बँक, कारण तिथं तुम्हाला ओळखणारा माणूस टेबलापलीकडं बसलेला असतो. पण चांगली कुठली हे बघावं लागतं.

दोन ठिकाणी गेलो. नावं लिहित नाही, पहिली आणि दुसरी म्हणतो.

पहिलीचं ऑफिस चकाचक, एसी, बाहेर बोर्डवरच मोठ्या अक्षरात वैयक्तिक कर्ज १० टक्के. आण्णा खूश. साहेबांनी चहा मागवला, फॉर्म पुढं केला. मी विचारलं, "साहेब, व्याज शिल्लकेवर का मुद्दलावर?" ते म्हणाले, "फ्लॅट आहे, सोपं पडतं बघा, ८० हजाराला दोन वर्षाचे १६ हजार व्याज, ९६ भागिले २४, महिन्याला बरोबर ४ हजार." मी म्हणलं हप्त्यांचा तक्ता मिळेल का, मुद्दल किती व्याज किती असा. तर म्हणे तो कर्ज मंजूर झाल्यावरच सॉफ्टवेअरमधनं निघतो. मग कापून काय काय घेणार ते विचारलं, तर प्रोसेसिंग २ टक्के म्हणजे १६००, विमा ८००, भाग, म्हणजे कर्जदाराला घ्यावे लागणारे संस्थेचे शेअर, ५ टक्के म्हणजे ४०००. मुदतीआधी फेडलं तर? "व्याज पूर्णच भरावं लागेल, फ्लॅट आहे ना." हप्ता चुकला तर? दर हप्त्याला ५०० रुपये. हे सगळं विचारल्यावर कळलं, आपणहून एकही गोष्ट सांगितली नव्हती, आणि चहा पीत असताना माणूस विचारत पण नाही, संकोच वाटतो.

दुसरी पतसंस्था म्हणजे आण्णाचं पिग्मी खातं होतं ती. तीन वर्षं झाली, रोज ५० रुपये, पिग्मी एजंट दुपारी कारखान्यासमोरच्या चहाच्या गाड्यावर येतो आणि तिथंच सगळ्या कामगारांचे घेतो. गंमत अशी की आण्णाला ही संस्था सुचलीच नव्हती, त्याच्या डोक्यात पिग्मी म्हणजे दिवाळीचे पैसे. मीच विचारलं, अरे ते रोज कुणाला देतोस? तिथं वैयक्तिक कर्ज १५ टक्के. आण्णाचा चेहरा पडला, दहाचं सोडून पंधराकडं कशाला. पण मॅनेजरनं विचारल्याबरोबर तक्ता काढून दिला, प्रिंटरचा कागद, चोवीस ओळी, प्रत्येक ओळीत हप्ता, त्यातलं व्याज, त्यातलं मुद्दल आणि बाकी. व्याज शिल्लक रकमेवर. ८० हजाराला हप्ता ३८७९, एकूण भरणा ९३ हजार १०० च्या आत. प्रोसेसिंग अर्धा टक्का, फॉर्मचे १००, भाग ५ टक्केच.

आम्ही बाहेर येऊन गाडीच्या सीटवर दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. १० टक्केवाल्याला दोन वर्षात ९६ हजार द्यायचे आणि १५ टक्केवाल्याला ९३ हजार १००. पहिल्याचा दर कमी, तरी जास्त पैसे त्याच्याकडंच जाणार होते! कारण फ्लॅटमध्ये तुम्ही शेवटच्या महिन्यातसुद्धा पूर्ण ८० हजारावर व्याज भरताय, जेव्हा देणं फक्त ४ हजाराच्या आत उरलेलं असतं. तो १० टक्के फ्लॅट खऱ्या हिशोबानं १८ टक्क्यांच्या थोडा वरच बसतो, आणि प्रोसेसिंग, विमा धरला तर २१ च्या वर. दुसरीचे १५ टक्के सगळं धरून १६ च्या आतच राहतात. आण्णा म्हणाला, "म्हणजे बोर्डवर लिवलंय ते खोटं?" खोटं नाही, पण तेवढ्यावरून काही कळत नाही. त्यापेक्षा तीन गोष्टी विचाराव्यात, माझ्या हातात नक्की किती पडणार, मी शेवटपर्यंत एकूण किती भरणार, आणि मध्येच फेडलं किंवा चुकलं तर काय.

बँका आणि फायनान्स कंपन्यांना रिझर्व्ह बँकेनं ऑक्टोबर २०२४ पासून हेच सगळं एका कागदावर लिहून द्यायचं बंधन घातलंय, सगळे खर्च धरून वर्षाचा खरा दर किती, असं. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या खाली येत नाहीत, सहकार खात्याकडं येतात, १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याखाली. म्हणून तिथं तुम्हालाच मागावं लागतं. मागितल्यावर कुणी देतं, कुणी देत नाही, आणि माझ्या मते तिथंच संस्थेची परीक्षा होते.

अजून एक काम मी केलं ते म्हणजे दुसरीचा वार्षिक अहवाल मागून घरी आणला. त्यात ऑडिट वर्ग बघितला, अ होता, म्हणजे सगळ्यात वरचा. थकबाकी किती, राखीव निधी किती, संचालकांना किती कर्ज दिलंय हे बघितलं. ठेवींवर किती व्याज देतात ते पण बघितलं, कारण जी संस्था इतरांपेक्षा दोन-तीन टक्के जास्त देऊन ठेवी गोळा करते ती कर्जदाराकडून ते काढणारच, नाहीतर अडचणीत येणार. तुम्ही म्हणाल कर्ज घेणाऱ्याला याचं काय करायचंय, संस्था बुडाली तर आपलं काय जातंय. जातं. तुमचा भाग अडकतो, पिग्मी अडकते, बँकेच्या ठेवीला असतो तसा पाच लाखाचा विमा पतसंस्थेला नाही, आणि संस्था गुंडाळायला अवसायक आला तरी कर्ज काही माफ होत नाही.

मॅनेजर म्हणाले पहिलंच कर्ज आहे, पिग्मीचा रेकॉर्ड चांगलाय, पण विनातारण साठच्या वर कमिटी जात नाही. जामीनदार दोन, त्यातला एक पगारदार पाहिजे. पगाराची स्लिप नसलेल्या माणसाला तीन वर्षाच्या पिग्मीच्या पासबुकानं उभं केलं, हे मला फार मोठं वाटतं. रोजचे ५० रुपये भरत होता तेव्हा तो कर्जासाठी भरत नव्हता, पण तेच कामाला आलं.

जामीनदार म्हणून मी आणि आण्णाच्या कारखान्यातला दिवाणजी. मी सही करायच्या आधी रात्रभर विचार केला, खरं सांगतो. सहा वर्षांपूर्वी मी एका ओळखीच्याला जामीन राहिलो होतो, दुसऱ्याच एका संस्थेत, आणि तो गाव सोडून गेला. मला पत्र आलं ते सरळ सहकार कायद्यातल्या कलम १०१ च्या, म्हणजे वसुलीच्या, दाखल्याच्या सुनावणीचं. जामीनदार म्हणजे नुसता साक्षीदार असं मला वाटायचं. तसं नसतं, संस्था कर्जदाराला सोडून आधी तुमच्याकडंसुद्धा येऊ शकते, पूर्ण रकमेसाठी. ते ३१ हजार मी भरले, घरात त्यावरून महिनाभर बोलणं नव्हतं. म्हणून यावेळी आण्णाला मी अट घातली, हप्ता भरला की पावतीचा फोटो मला व्हॉट्सॲपवर. त्याला राग नाही आला. जामीन मागणाऱ्यानं आणि देणाऱ्यानं असं उघड बोलून घेतलं तर नाती टिकतात असा माझा अनुभव आहे.

उरले २० हजार. ते वैनीच्या बचत गटातून आले आणि या सगळ्या प्रकरणातला मला सगळ्यात आवडलेला भाग तोच. अकरा बायकांचा गट, महिन्याला २०० रुपये बचत, दहा तारखेला बैठक, सतरंजीवर बसून. व्याज शेकडा १ रुपया महिन्याला, म्हणजे वर्षाला १२, आणि ते व्याज कुठं जातं तर गटातच राहतं, त्यातला हिस्सा वैनीचा पण. त्या दिवशी गटाकडं वाटायला साधारण तेवढेच पैसे होते आणि दुसऱ्या एका बाईनं पण शिलाई मशीनसाठी मागितले होते. ती म्हणाली, पोरीची फी आधी, मशीन पुढच्या महिन्यात घेते. रजिस्टरमध्ये ठराव लिहिला, सगळ्यांच्या सह्या झाल्या, एकीनं अंगठा दिला. जामीन नाही, प्रोसेसिंग नाही. फेड दहा महिन्यात, महिन्याला २ हजार मुद्दल आणि बाकीवर व्याज, पहिल्या महिन्यात २०० रुपये व्याज, दुसऱ्यात १८०, असं उतरत उतरत एकूण ११०० रुपये.

एक चूक आमची झाली ती पण सांगतो. ६० आणि २० मिळून ८० झाले असं धरून बसलो आणि पतसंस्थेतून हातात आले ५६ हजार ५००, कारण ३ हजार भाग, ३०० प्रोसेसिंग, २०० फॉर्म आणि करारनाम्याचे गेले. माहिती असून ऐनवेळी विसरलो! साडेतीन हजार कमी, फी भरायला एक दिवस बाकी. आण्णानं पिग्मीतून काढले. तेव्हा मागतानाच कापून जाणारी रक्कम धरून मागा.

हप्ता ठरवताना आम्ही उलटा हिशोब केला होता, किती कर्ज मिळतंय हे नंतर, आधी घर चालवून महिन्याला किती उरतंय ते. वैनीनं वहीत लिहून काढलं, भाडं, किराणा, गॅस, गाडीचा हप्ता, आत्त्याची बीपीची गोळी, सगळं. साडेपाच हजार येत होते. पतसंस्थेचे २९१० आणि गटाचे पहिल्या महिन्यात २२००, म्हणजे ५११०. बसलं, पण जेमतेम.

आणि जेमतेम असलं की पहिला धक्का लगेच बसतो. चौथ्या महिन्यात मार्केटला मंदी आली आणि कारखाना पंधरा दिवस बंद. आण्णा हप्ता भरू शकला नाही. मी त्याला घेऊन तारखेच्या आदल्या दिवशीच मॅनेजरकडं गेलो, हे महत्त्वाचं, नंतर नाही, आधी. सांगितलं पंधरा दिवस लागतील. मॅनेजरनी अर्ज लिहून घेतला, बस. दंडव्याज वर्षाला २ टक्के आणि तेही फक्त थकलेल्या हप्त्यावर, २९१० वर पंधरा दिवसाचं झालं अडीच रुपयाच्या आत. पहिलीकडं हेच ५०० झाले असते, आणि शेकडा पाचवाल्याकडं काय झालं असतं ते मला बोलवत पण नाही, त्याच्याकडं कोरा चेक असता.

आता आठवा हप्ता गेलाय. गटाचे दोन महिने राहिलेत. गाडीचा हप्ता संपल्यावर त्या २१०० मधले हजार आण्णा परत पिग्मीला टाकतोय, आणि दुसऱ्या वर्षाच्या फीसाठी आम्ही शैक्षणिक कर्जाचे कागद आत्तापासूनच गोळा करायला लागलोय, यावेळी हातात वेळ आहे. गटातल्या त्या बाईचं शिलाई मशीन आलं, ठरल्याप्रमाणं पुढच्याच महिन्यात, वैनीनं मला घरी नेऊन दाखवलं.

आण्णानं परवा विचारलं, कर्ज फिटल्यावर तो ३ हजाराचा भाग काढून घेऊ का. मी म्हणलं राहू दे, संस्था नफ्यात असली तर लाभांश मिळतो, आणि भाग आहे तोवर तू सभासद आहेस, संचालकाला एक मत तसं तुला पण एकच मत. सप्टेंबरमध्ये वार्षिक सभा आहे. आजपर्यंत तो पिग्मी भरून घरी यायचा, सभेची नोटीस कधी उघडून बघितली नव्हती. यावेळी म्हणाला सुट्टी टाकतो आणि जातो, मला विचारायचंय की हप्त्याचा तक्ता फॉर्मबरोबरच सगळ्यांना का देत नाही, आम्ही मागितला म्हणून मिळाला.

प्रश्न लेखी द्यावा लागतो म्हणून रविवारी बसून तो लिहून काढणार आहोत.